सूर्यमाला आकाशगंगेत नेमकी कशी राहते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रह सूर्याभोवती फिरतात, तसाच सूर्य आकाशगंगेच्या मधल्या कृष्णविवराभोवती फिरतो का? फिरत असेल, तर एवढ्या वेगात ग्रह मागे कसे पडत नाहीत? आणि या फिरण्याचा आपल्यावर काही परिणाम होतो का? सोबत त्या प्रसिद्ध व्हिडिओचाही उल्लेख आहे, ज्यात सूर्य धूमकेतूसारखा पुढे धावतो आणि ग्रह त्याच्या मागून मळसूत्रासारखी वेटोळी घेत ओढले जातात.

खगोलशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, आणि व्हिडिओ आल्यापासून तर जास्तच. म्हणून आधी उत्तर सांगून टाकतो. सूर्य फिरतो, पण कृष्णविवराभोवती फिरतो असं म्हणणं चूक आहे. ग्रह मागे पडत नाहीत, कारण आकाशगंगा सूर्याला जितकी ओढते तितकीच ग्रहांनाही ओढते. आणि परिणाम होतो, पण तो ग्रहांच्या कक्षांमध्ये शोधून सापडणार नाही. त्यासाठी सूर्यमालेच्या पार कुंपणापाशी जावं लागतं. आकाशगंगेला मोठी सूर्यमाला समजलं की पुढचं सगळं चुकत जातं. आता सावकाश बघू.

सुरुवात मापांपासून, कारण इथे कल्पनाशक्ती दगा देते. पृथ्वी आणि सूर्य यांमधलं अंतर, म्हणजे एक खगोलीय एकक, एक मिलिमीटर माना. नेपच्यून सूर्यापासून ३ सेंटिमीटरवर आला. म्हणजे सगळे ग्रह ६ सेंटिमीटरच्या एका चकतीत बसले. या मापात सूर्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी, केसाच्या जाडीपेक्षा बारीक. आता शेजारचा तारा, प्रॉक्सिमा: तो २६८ मीटरवर. आणि आकाशगंगेचं केंद्र? जवळजवळ १,७०० किलोमीटरवर! अख्ख्या आकाशगंगेची तबकडी ६,००० किलोमीटरहून रुंद. तळहातावर मावणारी चकती आणि खंडाएवढी तबकडी, असा हा मामला आहे.

याच मापात सूर्याचा वेगही बघून घ्या. तो केंद्राभोवती सेकंदाला साधारण २३० किलोमीटर जातो. ऐकायला हा वेग भयंकर वाटतो. पण आपल्या छोट्या नकाशावर तो वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे बोटांची नखं वाढतात त्याहून जरा जास्त. त्या गतीने १,७०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ पुरं करायचं आहे. त्याला २२ ते २३ कोटी वर्षं लागतात. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं, म्हणजे आजवर जेमतेम वीस फेऱ्या झाल्या. मागच्या वेळी आपण केंद्राच्या याच बाजूला होतो तेव्हा पृथ्वीवर पहिले डायनासोर नुकतेच दिसू लागले होते. आणि आपली जात, होमो सेपियन्स, सुमारे ३ लाख वर्षांची. तेवढ्या काळात सूर्याने फेरीतला अर्धा अंश कापला. पौर्णिमेचं चंद्रबिंब आकाशात जेवढं रुंद दिसतं, तेवढाच हा कोन.

आता कृष्णविवराकडे. केंद्राशी धनू ए-तारा नावाचं महाकाय कृष्णविवर आहे, यात शंका नाही. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी त्याच्याभोवती गरगरणाऱ्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षं माग काढला, त्यासाठी त्यांना २०२०चं नोबेल मिळालं. २०२२मध्ये त्याचं चित्रही प्रसिद्ध झालं. त्याचं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं. आकडा मोठा आहे ना? पण सूर्याचा वेग आणि केंद्रापासूनचं अंतर यांवरून हिशोब केला, तर सूर्याच्या कक्षेच्या आत जवळपास १० हजार कोटी सूर्यांएवढं वस्तुमान असायला हवं असं निघतं. म्हणजे कृष्णविवराचा वाटा साधारण तेवीस हजारावा. उद्या कुणी ते कृष्णविवर अलगद उचलून नेलं, तर त्याच्या अगदी जवळचे तारे भरकटतील, पण आपल्या कक्षेत फारसा फरक पडणार नाही.

सूर्यमालेत नेमकं उलटं आहे. इथलं ९९.८ टक्क्यांहून जास्त वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. तिथे एकच मालक आणि बाकीचे त्याच्या तालावर. आकाशगंगेत मालक कुणीच नाही. तारे, वायू, धूळ आणि सगळ्यात जास्त तो न दिसणारा कृष्णपदार्थ, या सगळ्यांच्या एकत्रित ओढीने प्रत्येक जण फिरतो. सूर्य फिरतो तो या पसरलेल्या गर्दीच्या गुरुत्वमध्याभोवती. कृष्णविवर तिथे बसलं आहे एवढंच.

याचा पुरावा वेगांमध्ये आहे. बुध सेकंदाला ४७ किलोमीटरहून जास्त वेगाने पळतो आणि नेपच्यून साडेपाचच्याही खाली, कारण मध्यापासून दूर जाल तशी ओढ झपाट्याने कमी होते. आकाशगंगेत मात्र केंद्रापासून काही हजार प्रकाशवर्षांवरचे तारे आणि त्याच्या कितीतरी पट दूरचे तारे जवळजवळ सारख्याच वेगाने फिरतात. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेत, म्हणजे आपल्या शेजारच्या दुसऱ्या आकाशगंगेत, हे १९७०मध्ये मोजून दाखवलं, आणि नंतर असंख्य दीर्घिकांमध्ये तसंच दिसलं. वस्तुमान मध्यात गोळा झालेलं नाही, दूरवर पसरलं आहे, हा त्याचा सरळ अर्थ.

सूर्याची वाटही ग्रहासारखी आखीव लंबवर्तुळ नाही. तो केंद्राच्या थोडा जवळ येतो, थोडा लांब जातो, आणि त्याच वेळी तबकडीच्या वर-खाली हेलकावे घेतो. एक पुरा हेलकावा साधारण ६ ते ७ कोटी वर्षांचा. सध्या आपण मध्यप्रतलापासून सुमारे ६० प्रकाशवर्षं उत्तरेला आहोत आणि आणखी वर चाललो आहोत. फेरी संपल्यावर सूर्य आपल्याच जुन्या वाटेवर येऊन मिळत नाही, त्यामुळे ‘कक्षा’ हा शब्दही इथे जरा सैल अर्थानेच घ्यायचा.

आपण चाललो आहोत कुणीकडे? याला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. केंद्राभोवतीच्या फेरीत या क्षणी आपलं तोंड हंस तारकासमूहाकडे आहे. पण आसपासचे तारेही याच फेरीत सामील आहेत. त्यांच्या सरासरीच्या तुलनेत सूर्य सेकंदाला १८-२० किलोमीटरने शौरी आणि स्वरमंडळ यांच्या सीमेकडे, म्हणजे अभिजित ताऱ्याच्या बाजूला सरकतो. विल्यम हर्शलने १७८३मध्ये मूठभर ताऱ्यांच्या सरकण्यावरून ही दिशा काढली होती, आणि ती आजच्या उत्तराच्या आश्चर्यकारक जवळ होती. तिसरं उत्तर विश्वातल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या, म्हणजे महास्फोटानंतर सगळ्या आकाशभर उरलेल्या मंद प्रारणाच्या संदर्भातलं: तिच्या तुलनेत आपण सेकंदाला ३७० किलोमीटरने सिंह राशीच्या बाजूला चाललो आहोत. कुणी नुसतंच ‘सूर्यमाला अमुक वेगाने धावते’ असं म्हणालं, तर ‘कशाच्या तुलनेत?’ हे विचारल्याशिवाय मान डोलवू नका.

आता त्या व्हिडिओचं. त्यात एक गोष्ट खरी आहे: सूर्य सरकत असल्यामुळे ग्रहांचा अवकाशातला माग मळसूत्रासारखा होतो. बिघडतं ते पुढे. व्हिडिओत ग्रहांच्या कक्षांचं प्रतल सूर्याच्या वाटचालीला काटकोनात दाखवतात आणि ग्रह कायम मागे रेंगाळताना. प्रत्यक्षात सूर्यमालेचं प्रतल आकाशगंगेच्या प्रतलाशी सुमारे ६० अंशांनी कललेलं आहे, आणि आपण जिकडे चाललो आहोत त्या दिशेशीही तो कोन ६० अंशांच्याच आसपास येतो. त्यामुळे प्रत्येक ग्रह आपल्या वर्षाचा निम्मा काळ सूर्याच्या पुढे असतो आणि निम्मा मागे. पृथ्वीचंच बघा. सप्टेंबरमध्ये ती या वाटेवर सूर्याच्या सुमारे साडेसात कोटी किलोमीटर पुढे असते आणि मार्चमध्ये तेवढीच मागे. ओढल्यासारखं काहीही नाही.

हा ६० अंशांचा कल डोळ्यांनीही दिसतो. अंधाऱ्या आकाशात आकाशगंगेचा पट्टा बघा आणि राशीचक्राची रेघ मनातल्या मनात आखा. दोन्ही एकमेकांना दोनच ठिकाणी छेदतात: एकदा धनूपाशी, एकदा वृषभ आणि मिथुन यांच्या मध्ये. एखादा तेजस्वी ग्रह त्या राशींत आला की तो थेट दुधाळ पट्ट्यात बसलेला दिसतो, एरवी तो पट्ट्यापासून फटकून. सूर्यमाला जन्मताना आकाशगंगेच्या तबकडीला समांतर का झाली नाही, असं विद्यार्थी विचारतात. कारण वायूचा जो ढग आकसून सूर्य झाला, त्याच्या त्या छोट्याशा तुकड्याची स्वतःची गिरकी होती. ढगातल्या खळबळीने ती ठरली, आकाशगंगेने नाही. इतर ताऱ्यांच्या ग्रहमालाही वाटेल त्या कोनात कललेल्या असतात.

ग्रह मागे का पडत नाहीत, हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्याचं उत्तर गॅलिलिओइतकं जुनं आहे. गुरुत्वात सगळं सारखंच पडतं. आकाशगंगेच्या ओढीने सूर्याला मिळणारं त्वरण इतकं बारीक आहे की सूर्याचा वेग वर्षभरात सेकंदाला फक्त ७ मिलिमीटरने बदलतो. तरीही तो मोजला गेला आहे! युरोपच्या गाया या उपग्रहाने दहा लाखांहून जास्त क्वेसारांच्या, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या झगझगीत केंद्रांच्या, जागा टिपल्या, आणि सगळ्या आकाशभर त्या जागा एका ठरावीक ढंगाने केंद्राच्या दिशेला किंचित सरकताना दिसल्या. २०२०मध्ये हा निकाल आला. नेमकं हेच त्वरण पृथ्वीलाही मिळतं, शनीलाही आणि एखाद्या धूलिकणालाही. सगळे मिळून एकत्र ‘पडत’ असल्यामुळे एकमेकांच्या तुलनेत काहीच बदलत नाही. प्रवाहात सोडलेल्या होडीतल्या दोन माणसांना एकमेकांशी बोलताना नदीचा वेग आड येत नाही, तसं.

उरतो तो फक्त ओढीतला फरक. सूर्यमालेच्या एका टोकाला आकाशगंगेची ओढ दुसऱ्या टोकापेक्षा किंचित वेगळी असते. समुद्राला भरती आणणारं बल याच जातीचं. नेपच्यूनपाशी हे बल सूर्याच्या ओढीच्या तुलनेत हजारो कोटी पटींनी दुबळं पडतं. म्हणून ग्रहांच्या बाबतीत आकाशगंगा असली काय आणि नसली काय! ज्योतिषाच्या पुस्तकांत ‘आकाशगंगेच्या केंद्राशी ग्रहांची युती’ असले मथळे दिसतात, त्यांच्या मागे ना बल आहे ना कारण.

पण हे भरतीबल अंतरासोबत वाढत जातं आणि सूर्याची ओढ कमी होत जाते. कुठेतरी दोघांची गाठ पडणारच. ती पडते सुमारे २ लाख खगोलीय एककांवर, म्हणजे तीनेक प्रकाशवर्षांवर. आपल्या नकाशात २०० मीटर. सूर्याच्या मालकीची खरी हद्द तिथे संपते. हद्दीच्या आत, काही हजार ते एक लाख एककांच्या पट्ट्यात, ऊर्टचा मेघ आहे: बर्फाळ धूमकेतूंचा एक प्रचंड गोल कोष. यान ऊर्टने १९५०मध्ये दीर्घ मुदतीच्या धूमकेतूंच्या कक्षा मागे मागे नेऊन बघितल्या, तर बऱ्याच जणांची मुळं त्याच लांबच्या पट्ट्यात निघाली. तो मेघ कुणी थेट पाहिलेला नाही, त्यातून निसटून आत येणारे धूमकेतू तेवढे दिसतात.

आकाशगंगा सूर्यमालेला खऱ्या अर्थाने हात लावते ती इथे. एक लाख एककांवरच्या धूमकेतूवर तिचं भरतीबल सूर्याच्या ओढीच्या सहाव्या-सातव्या भागाएवढं असतं. थोडक्या काळात ते काही बिघडवत नाही, पण तिथली एक फेरीच मुळी तीन कोटी वर्षांची. तेवढ्या काळात धूमकेतूची कक्षा हळूहळू चपटी होत जाते, आणि एक दिवस तो ग्रहांच्या प्रदेशात घुसतो. यातला सगळ्यात मोठा वाटा तबकडीच्या वर-खालच्या ओढीचा. त्याची खूणही सापडते: नव्याने आलेल्या धूमकेतूंच्या कक्षांची लांबची टोकं आकाशात कुठे कुठे आहेत हे मांडलं, तर आकाशगंगेच्या पट्ट्याच्या अगदी लगत आणि तिच्या ध्रुवांजवळ ती विरळ दिसतात, मधल्या भागात दाट. सूर्यमाला एकटी असती तर हा नमुना पडायला काही कारण नव्हतं. कधी नवा लांबचा धूमकेतू दिसला, तर त्याला आत पाठवण्यात बहुधा अख्ख्या आकाशगंगेचा हात आहे, हे लक्षात ठेवून त्याच्याकडे बघा.

दुसरा हात येणाऱ्या-जाणाऱ्या ताऱ्यांचा. सुमारे ७० हजार वर्षांपूर्वी शोल्झचा तारा नावाची एक मंद जोडी, एक लाल खुजा तारा आणि त्याच्यासोबत एक तपकिरी बटू (तारा होता होता राहिलेला गोळा), सूर्यापासून जेमतेम एका प्रकाशवर्षावरून निघून गेली. तेव्हा पृथ्वीवर माणसं होती. त्यांना बहुधा काही दिसलं नसेल, तो तारा फारच मिणमिणता. पुढची मोठी भेट ग्लीझ ७१०ची: साधारण १३ लाख वर्षांनी सूर्यापेक्षा लहान असा हा तारा १० ते १३ हजार एककांवरून जाईल, म्हणजे ऊर्टच्या मेघातून आरपार. तेव्हा धूमकेतूंची आवक वाढेल. ग्रहांच्या कक्षांना धक्का लागणार नाही.

आता दुसरं कुंपण, जे गुरुत्वाचं नाही, वाऱ्याचं आहे. सूर्यातून सतत विद्युतभारित कणांचा झोत बाहेर वाहतो. तो आपल्याभोवती एक फुगा फुगवतो, त्याला हेलिओस्फिअर म्हणतात. बाहेरून आंतरतारकीय वायू दाबतो, आतून सौरवारा ढकलतो, आणि दोघांचा समतोल जिथे होतो ती सीमा म्हणजे हेलिओपॉज. नासाच्या व्हॉयेजर १ या यानाने ती २५ ऑगस्ट २०१२ला ओलांडली, सूर्यापासून सुमारे १२२ एककांवर. व्हॉयेजर २ने ५ नोव्हेंबर २०१८ला, सुमारे ११९ एककांवर. सीमा पार होताना सूर्याकडचे कण एकाएकी आटले आणि आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण, म्हणजे प्रचंड वेगाचे कण, वाढले. ‘यान सूर्यमालेबाहेर पडलं’ असे मथळे तेव्हा आले. वाऱ्याच्या हिशोबाने ते बरोबर. गुरुत्वाच्या हिशोबाने मात्र यानाला ऊर्टच्या मेघाची आतली कडा गाठायलाच सुमारे ३०० वर्षं लागतील आणि तो पार करायला ३० हजार. आपल्या नकाशात पहिलं कुंपण १२ सेंटिमीटरवर आहे, दुसरं २०० मीटरवर.

या फुग्याचा उपकार मोठा आहे. कमी ऊर्जेच्या वैश्विक किरणांपैकी बहुतेक तो वाटेतच अडवतो. आपण ज्या वायूच्या विरळ ढगातून किंवा त्याच्या काठावरून सध्या चाललो आहोत, तो सूर्याच्या तुलनेत सेकंदाला सुमारे २६ किलोमीटरने वाहतो. एका घन सेंटिमीटरमध्ये सरासरी एक अणूही भरत नाही इतका तो पातळ. पण त्यातले विद्युतभार नसलेले हेलियमचे अणू फुग्याला न जुमानता आत शिरतात, सूर्याजवळून जाताना त्याच्या ओढीने वळतात आणि पलीकडे एका शंकूत गोळा होतात. दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला पृथ्वी त्या शंकूतून जाते. आकाशगंगेचा वारा अक्षरशः आपल्या अंगणातून वाहतो, आणि उपग्रहांवरची उपकरणं तो मोजतात.

हा ढग स्वतः एका मोठ्या पोकळीत आहे, तिला स्थानिक बुडबुडा म्हणतात. सुमारे एक हजार प्रकाशवर्षं रुंद, गरम आणि जवळपास रिकामी. २०२२मध्ये गायाच्या मापांवरून मांडलेल्या चित्रानुसार जवळपास १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी सुरू झालेल्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे मरणाऱ्या मोठ्या ताऱ्यांच्या, स्फोटांनी ती पोखरली. सूर्य तेव्हा बराच दूर होता, तो या पोकळीत सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी शिरला. आपण इथले मूळ रहिवासी नव्हे, वाटसरू.

आणि या वाटेवरची धूळ आपल्या समुद्राच्या तळाशी साठली आहे. लोह-६० हा लोहाचा किरणोत्सारी प्रकार, अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) २६ लाख वर्षं. पृथ्वीच्या जन्मावेळचं लोह-६० कधीच संपलं, त्यामुळे आज ते सापडलं तर बाहेरूनच आलेलं असणार. खोल समुद्रातल्या खडकांच्या थरांत ते सापडलं, विशेषतः २० ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या थरात. चंद्रावरून आणलेल्या मातीतही सापडलं. २०१९मध्ये अंटार्क्टिकातल्या ताज्या बर्फातही त्याचे मोजके अणू मिळाले. मी वर्गात गुरुत्व, कक्षा, वेग सगळं सांगतो, तरी विद्यार्थी सरसावून बसतात ते या लोहाच्या गोष्टीला. त्यांचं काही चुकत नाही.

प्रश्नाचा ‘आपल्यावर परिणाम’ हा भाग इथे येतो, आणि इथे जपून चालायला हवं. सूर्य तबकडीतून वर-खाली जातो, त्या प्रत्येक वेळी धूमकेतूंचा मारा होऊन सजीवांचा विनाश होतो, अशी एक आकर्षक मांडणी आहे. १९८४मध्ये डेव्हिड राउप आणि जॅक सेपकोस्की यांनी विनाशांमध्ये २.६ कोटी वर्षांचा ताल दिसतो असं म्हटल्यावर तिला जोर आला. पण तबकडी ओलांडण्याचा ताल ३ ते ३.५ कोटी वर्षांचा येतो, दोन्ही नीट जुळत नाहीत. मोजके विनाश हाताशी धरून ताल शोधायला बसलं की कुठला ना कुठला सापडतोच. आकाशगंगेच्या सर्पिल भुजांमधून (ताऱ्यांच्या आणि वायूच्या वळणदार पट्ट्यांमधून) जाताना हिमयुगं येतात, या मांडणीबद्दलही माझं मत असंच आहे: कल्पना सुंदर, पुरावा तोकडा. भुजांच्या जागा आणि वेगच अजून इतके नक्की नाहीत की कोट्यवधी वर्षं मागे जाऊन तारखा लावता येतील.

जिथे परिणामाबद्दल शंका घ्यायला जागा नाही, ती गोष्ट म्हणजे जन्म. महास्फोटातून हायड्रोजन, हेलियम आणि नावापुरतं लिथियम मिळालं. खडकातलं सिलिकॉन, पाण्यातला ऑक्सिजन, रक्तातलं लोह हे सगळं सूर्याआधीच्या ताऱ्यांनी शिजवलं आणि आकाशगंगेच्या वायूत मिसळलं. सूर्य जन्मला तोवर हे मिसळणं कित्येक अब्ज वर्षं चाललेलं होतं. अशनींमध्ये ॲल्युमिनियम-२६च्या खुणा सापडतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षं, म्हणजे सूर्यमाला घडायच्या जरासंच आधी ते कुठल्यातरी मोठ्या ताऱ्यातून आलं असणार. सूर्य एकटा जन्मला नाही, भावंडांच्या गर्दीत जन्मला. ती भावंडं वीस फेऱ्यांमध्ये कुठच्या कुठे पांगली. सूर्यात त्याच्या वयाच्या शेजाऱ्यांपेक्षा जड मूलद्रव्यं थोडी जास्त दिसतात, त्यावरून तो आतल्या, जास्त समृद्ध भागात जन्मून नंतर बाहेर सरकला असावा असं अनेकांना वाटतं. मलाही ते पटतं.

यातूनच ‘आकाशगंगेतला राहण्याजोगा पट्टा’ ही कल्पना निघाली. केंद्राजवळ स्फोट आणि किरणोत्सर्ग जास्त, पार बाहेर जड मूलद्रव्यं कमी, म्हणून मधला पट्टा बरा. ढोबळ अर्थाने ठीक आहे, पण त्या पट्ट्याच्या कडा कुणी रेघ मारून दाखवल्या तर विश्वास ठेवू नका. गुरूसारखे राक्षसी ग्रह जड मूलद्रव्यांनी समृद्ध ताऱ्यांभोवती जास्त सापडतात हे खरं. छोटे ग्रह मात्र इतके चोखंदळ नाहीत. केप्लर-४४४ नावाचा तारा सुमारे १,१०० कोटी वर्षांचा आहे, त्यात लोह सूर्यापेक्षा बरंच कमी, तरी त्याच्याभोवती पृथ्वीहून लहान असे पाच ग्रह आहेत. आकाशगंगा तरुण होती तेव्हापासून ती ग्रह घडवते आहे.

देवयानी दीर्घिका आपल्यावर येऊन आदळली तर ग्रहांचं काय, हाही उपप्रश्न होता. ती टक्कर नक्की होणार असं पूर्वी सांगितलं जायचं. २०२५च्या एका अभ्यासानुसार पुढच्या हजार कोटी वर्षांत तिची शक्यता निम्मी-निम्मी आहे. झाली तरी तारे तार्‍यांवर आपटणार नाहीत, नकाशातली २६८ मीटरची रिकामी जागा आठवा. सूर्याची वाट बदलेल, ग्रह त्याच्यासोबतच जातील. शिवाय पाचेक अब्ज वर्षांनी सूर्य स्वतःच फुगून तांबडा राक्षसी तारा होणार आहे, पृथ्वीला काळजी त्याची करायला हवी.

शेवटी देवघेवीचं सांगतो, कारण हे गेल्या काही वर्षांतच कळलं. ग्रहमाला घडताना मोठे ग्रह लहान तुकड्यांना भिरकावून देतात, ते ताऱ्याची हद्द सोडून आकाशगंगेत भटकत राहतात. २०१७मध्ये असा पहिला पाहुणा आपल्याकडे सापडला, ओमुआमुआ. २०१९मध्ये बोरिसोव्हचा धूमकेतू आला, २०२५मध्ये ३आय/ॲटलस. ओमुआमुआ अभिजितच्या दिशेने, म्हणजे आपण जिकडे सरकतो आहोत त्याच बाजूने आला. सूर्याजवळ येण्याआधी त्याचा वेग शेजारच्या ताऱ्यांच्या सरासरीशी जवळपास जुळत होता. म्हणजे तो जवळजवळ स्थिर तरंगत होता आणि सूर्यमालाच त्याच्या अंगावरून गेली, असं म्हणणं जास्त बरोबर. आपल्याकडूनही असा माल बाहेर गेलाच आहे, आणि आता त्यात व्हॉयेजरची भर पडली. सूर्याच्या तुलनेत व्हॉयेजर १ सेकंदाला १७ किलोमीटरने दूर चाललं आहे. सुमारे ४० हजार वर्षांनी ते ग्लीझ ४४५ या ताऱ्यापासून दोनएक प्रकाशवर्षांच्या आतून जाईल. पुढे सूर्याची हद्द मागे पडली की तेही एखाद्या ताऱ्यासारखं स्वतंत्रपणे केंद्राभोवती फिरू लागेल, एका फेरीला तीच वीस-बावीस कोटी वर्षं घेत.